कपाट एक, कॅमेरे बारा

माणसाला एखादा छंद असावा, असे सगळेच सांगतात. पण छंदाला जागा लागते हे मात्र कोणी सांगत नाही. टपालाची तिकिटे जमवणारा त्या बाबतीत भाग्यवान. त्याचे सारे विश्व चार वह्यांत मावते. बुद्धिबळवाल्याला चौसष्ट घरांचा एक पट पुरतो. गाणाऱ्याला तंबोऱ्यापुरता कोपरा मिळाला की झाले. छायाचित्रणाचा नाद ज्याला लागला त्याचे तसे नाही. त्याचा कॅमेरा एकटा कधी राहतच नाही. कॅमेऱ्याला लेन्स हवी, त्या लेन्सच्या जोडीला दुसरी हवी, दोघींना पिशवी हवी. पिशवी घ्यायची ती थोडी मोठीच घेतलेली बरी, म्हणून मोठी घ्यावी, तर तिच्यात जागा उरते. आणि उरलेली जागा डोळ्यांना सलत राहते.

मी या नादात पन्नास वर्षे आहे. हौस केली ती बेताबेतानेच. कर्ज काढून लेन्स घेतली नाही, की घरातले शुभकार्य अडवून कॅमेरा आणला नाही. काही वस्तू विकत घेतल्या, काही भेट म्हणून आल्या, काही तर नात्यागोत्यातल्या मंडळींनी ‘तुम्हाला आवड आहे’ म्हणून आणून ठेवल्या. गेल्या वर्षी मोजदाद केली तेव्हा हिशेब निघाला तो असा: कॅमेरे १२, लेन्स १७, फ्लॅश ५, ट्रायपॉड ३ आणि पिशव्या ६. फिल्टर, वायरी नि झाकणे मी मोजली नाहीत. माणसाने कुठे तरी थांबावे!

मोजदादीचे निमित्त झाले आमच्या इमारतीचे. दादरची आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आणि नवी उभी राहीपर्यंत भाड्याच्या लहान जागेत जायचे ठरले. सौ.ने त्या जागेची मापे घेतली नि निकाल दिला, “अहो, तुम्हाला एक कपाट. त्यात बसेल तेवढे तुमचे. पलंगाखाली, माळ्यावर किंवा माझ्या साड्यांमागे काही सापडले, तर ते भंगारवाल्याचे.”

निकाल कडक होता, पण अन्यायाचा नव्हता. आणि वाचकहो, हा प्रश्न माझ्या एकट्याचा आहे असेही मला वाटत नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांत आज एखादा यशिका, एखादा हॉट शॉट, एखादा कोडॅक नि एखादा डिजिटल कॅमेरा खणात पडून असेल. टाकवत नाही नि वापरलाही जात नाही. म्हणून या एका कपाटापायी मी जो विचार केला, तो येथे मांडतो.

किंमत, आठवण आणि संग्रह

पहिला विचार सुचतो तो किमतीचा. महाग ते ठेवावे, स्वस्त ते द्यावे. हा हिशेब घेऊन मी फोर्टात गेलो. बोरा बाजाराच्या आसपास कॅमेऱ्यांची दुकाने आहेत; तिथल्या एका शेठजींची माझी जुनी ओळख. त्यांनी यादी वाचली, चष्मा कपाळावर सरकवला नि म्हणाले, “साहेब, विकत घेताना जी किंमत असते ना, ती दुकानाच्या उंबरठ्यापर्यंतच.” त्यांच्या भावांत मौज होती. ज्या डिजिटल कॅमेऱ्याला एके काळी माझा दोन महिन्यांचा पगार पडला असता, त्याला ते हात लावायला तयार नव्हते. आणि ज्याला सेलसुद्धा लागत नाही अशा चाळीस वर्षांपूर्वीच्या निकॉनसाठी तीन तरुण त्यांच्याकडे नाव नोंदवून गेले होते. तरुण मुले पुन्हा रोल घालून फोटो काढू लागली आहेत, त्याचा हा परिणाम. म्हणजे बाजारभाव पाहून काय विकावे हे कळेल. काय ठेवावे हे त्यातून कळणार नाही.

दुसरा विचार आठवणींचा. पण आठवण नाही असा कॅमेराच नाही! आग्फा क्लिक-३ वडिलांचा. दोन डोळ्यांचा रशियन लुबिटेल मी शिकवणीच्या पैशांतून घेतलेला. झेनिट हाही रशियन. वजन इतके की गळ्यात अडकवला तर माणूस आपोआप नम्र व्हावा. निकॉन एफएम-२ ने माझी मुलगी पाळण्यात असल्यापासून बोहल्यावर चढेपर्यंत टिपली. आठवणीच्या तागडीत घातले तर बाराच्या बारा सारख्याच वजनाचे भरतात. मग निवड कसली करायची?

तिसरी वाट संग्राहकाची. मुंबईचे दिलीश पारेख यांनी १९७७ पासून जुने कॅमेरे जमवले आणि २००३ साली त्यांच्या ४,४२५ कॅमेऱ्यांची नोंद गिनेस बुकात झाली. गुरुग्रामला २०१९ साली ‘म्युझिओ कॅमेरा’ नावाचे कॅमेऱ्यांचे संग्रहालयच उघडले. ही मोठी कामे आहेत. कॅमेऱ्याचा इतिहास जपायचा तर प्रत्येक नमुना हवा, चालता हवा तसा बंदही हवा. पण संग्राहक निराळा आणि फोटो काढणारा निराळा. संग्राहकाच्या लेखी कॅमेरा ही वस्तू. दुसऱ्याच्या लेखी ते अवजार. सुताराच्या पेटीत पाच पटाशा असतात, पण त्या पाच मापांच्या असतात. एकाच मापाच्या पाच पटाशा ज्याच्याकडे आहेत, त्याला सुतार म्हणत नाहीत, दुकानदार म्हणतात. आपण कोण, हे आधी ठरवावे. मी फोटो काढणारा, हे माझ्यापुरते ठरले नि अर्धे काम हलके झाले.

रोल मिळतो का?

अवजार म्हटले की पहिला प्रश्न असा, की ते चालवायला जे लागते ते मिळते का? कॅमेरा कितीही देखणा असो, त्याच्या पोटात जायचा रोलच बाजारातून गेला की तो शोभेचा झाला.

रोलांचेही नशीब असते. कोडॅकने १२० मापाचा रोल १९०१ साली काढला. सव्वाशे वर्षे होत आली, तो अजून मिळतो. लुबिटेल, यशिका मॅट आणि आग्फा क्लिक-३, तिघांचे पोट त्याच रोलावर भरते. सौ.च्या मामांकडून आलेल्या कोडॅकच्या डबा-कॅमेऱ्याला मात्र ६२० लागतो. फिल्म तीच, रीळ तेवढे बारीक. पण १९९५ साली कोडॅकने ते बंद केले, आणि आता १२० चा रोल अंधारात उलगडून जुन्या रिळावर गुंडाळण्याचा उपद्व्याप करावा लागतो. पस्तीस मिलिमीटरचा डबीतला रोल १९३४ पासून आहे नि सुखरूप आहे. उलट १९९६ साली मोठा गाजावाजा करून आलेली एपीएस नावाची पद्धत २०११ मध्ये संपलीसुद्धा. १९३५ पासूनची लाडकी कोडाक्रोम २००९ साली बनायची थांबली, आणि ती धुणारी अमेरिकेतली शेवटची प्रयोगशाळाही २०१० च्या अखेरीस ते काम बंद करून मोकळी झाली. आपल्याकडे सरकारने १९६० साली उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली. तिची ‘इंदू’ फिल्म आमच्या पिढीने पाहिली. ती कंपनीही राहिली नाही.

जी गोष्ट रोलाची तीच सेलची. यशिका इलेक्ट्रो ३५ हा १९६६ साली आलेला मोठा गुणी कॅमेरा. पण त्याला पाऱ्याचा सेल लागे, आणि पारा विषारी म्हणून तसे सेल आता बनत नाहीत. दुसरा सेल अडकवून काम भागते, पण ते भागवणेच. डिजिटल कॅमेऱ्याचे दुखणे याहून वाईट. माझ्या खिशातल्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याची बॅटरी फुगली. तिच्या मापाची दुसरी कोणी बनवत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीचा रोल मिळतो नि पंधरा वर्षांपूर्वीची बॅटरी मिळत नाही! शिवाय त्या छोट्याचे सारे काम आता खिशातला फोन करतो. तो यादीतून पहिला गेला.

लेन्सचे गोत्र

दुसरा प्रश्न गोत्राचा. कॅमेऱ्याच्या तोंडाशी लेन्स बसवायची एक कडी असते आणि प्रत्येक कंपनीची कडी वेगळी. लग्नात सगोत्र वर्ज्य मानत. इथे उलट, सगोत्र असेल तरच लग्न लागते. झेनिटची लेन्स आट्यांनी फिरवून बसवायची, पेंटॅक्स के-१००० ची १९७५ सालच्या ‘के’ गोत्राची, तर निकॉनची १९५९ साली ‘एफ’ कॅमेऱ्याबरोबर आलेल्या गोत्राची. माझ्या १७ लेन्स चार गोत्रांत विभागल्या होत्या. सतरा असूनही ऐन वेळी हातातल्या कॅमेऱ्याला हवी ती लेन्स मिळायची नाही, त्याचे कारण हेच. चार संसार होते, आणि प्रत्येकात काही ना काही कमी होते.

या प्रकरणाला अलीकडे एक नवे वळण लागले आहे. मिररलेस म्हणतात त्या कॅमेऱ्यात आरसा नसतो, त्यामुळे लेन्स आणि चित्र उमटते ती पट्टी यांतले अंतर पुष्कळ कमी असते. निकॉनच्या जुन्या कडीत हे अंतर ४६.५ मिलिमीटर, सोनीच्या मिररलेसमध्ये ते १८ च. मधल्या फटीत एक साधी धातूची कडी बसवली की जुनी लेन्स नव्या घरी सुखाने नांदू लागते. फोकस हाताने जुळवावा लागतो एवढेच. माझ्या मुलाने मला असाच एक कॅमेरा आणून दिला होता. म्हणजे बारा कॅमेऱ्यांपैकी एक असा निघाला, की जो बाकीच्या घरांतल्या सुना सांभाळून घेईल. हलकाही आहे, साठी उलटल्यावर खांद्याचे मत विचारात घ्यावे लागते.

पापड आणि शटर

कोणी म्हणेल, वापरात नसेना का, पण पडून राहिले तर बिघडले काय? तेच सांगतो. मुंबईत नि कोकणात पडून राहणे ही वस्तूला शिक्षाच आहे.

पावसाळ्यात आपल्याकडे हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर जातो. लेन्सला मानवते ४० ते ५० टक्के. त्याहून फार वाढला, त्यात अंधार आणि कोंदट हवा मिळाली, की काचेवरच्या धुळीवर नि बोटांच्या तेलकटपणावर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसू लागतात आणि बुरशीतून सुटणारे आम्ल काचेवरचा मुलामा खाते. मग काच पुसून बुरशी निघते, पण डाग राहतो. मामांच्या कपाटातून आलेली एक लेन्स अशीच होती. चंद्रावर खळ्या दिसाव्यात तशी. चामड्याची देखणी पेटी तर लेन्सची वैरीण. ती ओल धरून ठेवते. सौ. याबाबतीत माझ्याहून शहाणी. ती म्हणते, “पापड सादळला की समजावे, तुमचे भिंगही सादळले.” पापडांच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून लेन्स ठेवायची युक्तीही तिचीच. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी ओल प्यायली. गरम करून वाळवले की पुन्हा निळे.

यंत्राचेही तसेच. शटरमधले वंगण वर्षानुवर्षे हलले नाही की घट्ट होते आणि मंद वेग अडकू लागतात. मागच्या दाराशी प्रकाश आत शिरू नये म्हणून लावलेला फोम विरघळून डांबरासारखा चिकट होतो. सेल आत राहिला तर पाझरतो. फोर्टात कॅमेरे दुरुस्त करणारे एक वयोवृद्ध कारागीर मला म्हणाले, “महिन्यातून एकदा तरी सगळ्या वेगांवर शटर दाबत जा. शटर नि गुडघे, दोघांना बसून राहणे सोसत नाही.” बारा कॅमेऱ्यांचे शटर दरमहा दाबायचे, सतरा लेन्सना ऊन दाखवायचे, म्हणजे ही एक बिनपगारी नोकरीच की!

यातून मला एक गोष्ट पटली. आपण ‘ठेवला आहे’ म्हणतो, तो कॅमेरा खरे तर ठेवलेला नसतो. तो सावकाश मरत असतो नि आपण त्याला जागा दिलेली असते. कॅमेरा ठेवणे म्हणजे तो वापरणे. जो आपण वापरणार नाही, तो वापरणाऱ्याच्या हाती गेला तरच जगेल.

चातुर्मासाची परीक्षा

पण आपण काय वापरतो हे तरी आपल्याला कुठे ठाऊक असते? विचारले तर प्रत्येक जण म्हणेल, “सगळेच वापरतो, अधूनमधून.” म्हणून मी गेल्या वर्षी आषाढी ते कार्तिकी असा चातुर्मासाचा नेम केला. सगळे सामान डब्यांत भरून प्रत्येकाला एक चिठ्ठी बांधली. जी वस्तू फोटो काढण्यासाठी बाहेर निघेल, तिच्या चिठ्ठीवर तारीख घालायची. नुसते पुसायला, पाहायला किंवा पाहुण्याला दाखवायला काढली तर तारीख नाही. हे शेवटचे कलम महत्त्वाचे आहे!

चार महिन्यांत गणपती झाले, नवरात्र झाले, दिवाळी झाली. कार्तिकी एकादशीला चिठ्ठ्या सोडल्या. मिररलेसच्या चिठ्ठीवर तारखा लिहायला जागा उरली नव्हती. एफएम-२ वर दोन तारखा. यशिका मॅटवर एक. आग्फावर एक. बाकी आठ चिठ्ठ्या कोऱ्या.

मग डिजिटल फोटोंची झडती घेतली. डिजिटल फोटोच्या पोटात तो कोणत्या लेन्सने नि कोणत्या मापावर काढला याची नोंद असते. संगणकावर ती वाचता येते. गेल्या तीन वर्षांतले मी निवडून ठेवलेले फोटो पाहिले, तर दहांतले सात ३५ ते ५५ मिलिमीटरच्या आतले. पक्षी टिपायला घेतलेली लांबलचक झूम, जिच्यासाठी सहापैकी दोन पिशव्या होत्या, तिच्या वाट्याला एक बगळा नि दोन कावळे. यात विशेष काही नाही. हेन्री कार्तिये-ब्रेसाँ १९४७-४८ साली भारतात आला होता. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येपूर्वी काही वेळ आधी, गांधीजींचे फोटो त्याने काढले. जन्मभर त्याचे बहुतेक काम एक लहानसा लायका नि ५० मिलिमीटरची लेन्स यांवर झाले. माणसाची नजर एका ठरावीक अंतरावरून पाहायला शिकते आणि सहसा तिथेच रमते.

कोकणातून आलेली ट्रंक

एवढे झाल्यावरही यादी पाच कॅमेऱ्यांवर अडून बसली होती. ती सुटली मार्गशीर्षात, आणि सुटली ती कॅमेऱ्यांमुळे नव्हे. गावच्या घराचे छप्पर काढायचे म्हणून माझ्या चुलतभावाने वडिलांची एक ट्रंक मुंबईला पाठवून दिली. आत बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे. पहिला उघडला नि खोलीभर शिर्क्याचा वास सुटला.

ज्यांच्या घरी जुन्या निगेटिव्ह आहेत त्यांनी हा वास ओळखून ठेवावा. त्या काळची फिल्म अॅसिटेटची. उष्णता आणि ओल लागली की ती कुजू लागते, त्यातून शिर्क्यातलेच आम्ल सुटते, आणि ते आम्ल कुजणे आणखी वाढवते. शेजारच्या चांगल्या निगेटिव्हलाही लागण होते. फिल्म आक्रसते, वाकते, वरचा थर सुटू लागतो. एकदा सुरू झालेले हे दुखणे मागे फिरवता येत नाही. वास येणाऱ्या निगेटिव्ह वेगळ्या करायच्या, बंद डब्यातून काढून कागदी पाकिटांत घालायच्या, थंड कोरड्या जागी ठेवायच्या, आणि चित्र शाबूत आहे तोवर त्यांची नक्कल करून घ्यायची.

वडिलांनी तो आग्फा साठच्या दशकात घेतला. बडोद्यात बनणारा, एका रोलात बारा फोटो काढणारा साधा कॅमेरा. बारा फोटो त्यांना चार-चार महिने पुरत. त्या डब्यांत गावचे घर होते, भातलावणी होती, गणपती होते, आणि माझी आत्या होती. आत्या १९७१ साली गेली. तिचा फोटो घरात एकही नाही. निगेटिव्ह उजेडाकडे धरली तेव्हा काळ्याचे पांढरे झालेले तिचे लुगडे दिसले, आणि डाव्या कडेने थर सुटायला लागलेला दिसला.

त्या क्षणी कपाटाचा प्रश्न बदलला. कोणता कॅमेरा ठेवायचा, हा प्रश्नच राहिला नाही. या निगेटिव्ह वाचवायला काय लागेल, हा प्रश्न झाला. कॅमेरा उद्या पुन्हा विकत मिळेल. ही निगेटिव्ह जगात एकच आहे.

थोडे मागे वळून पाहिले तर सगळ्यांच्याच बाबतीत हे खरे ठरते. राजा दीनदयाळ यांनी १८९६ साली मुंबईत स्टुडिओ काढला होता. त्यांच्या ठेव्यातले दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ साली घेतले ते काय? काचेच्या २,८५७ निगेटिव्ह. होमाई व्यारावाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी, देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स खांद्यावर घेऊन त्यांनी स्वातंत्र्याचा उदय टिपला. १९७० साली कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. पुढे चाळीस वर्षे त्या हयात होत्या. पण २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले ते त्या चित्रांसाठी. कॅमेरा सुटला, चित्रे राहिली.

कपाटात काय राहिले

निगेटिव्हची नक्कल करायला काय लागते? खालून पांढरा सारखा उजेड, निगेटिव्ह सपाट धरणारी चौकट, वरून सरळ खाली पाहणारा डिजिटल कॅमेरा, न हलणारा ट्रायपॉड आणि जवळचे रेखीव टिपणारी लेन्स. निकॉनची ५५ मिलिमीटरची ‘मायक्रो’ लेन्स माझ्याकडे होती. तिच्या घराण्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. या जातीची पहिली लेन्स १९५६ साली निघाली ती फुलापाखरांसाठी नव्हे, तर जपानी लिपीतले गिचमिड कागदपत्र मायक्रोफिल्मवर वाचता येतील असे उतरवण्यासाठी. म्हणजे नक्कल करणे हा तिचा कुळधर्मच. वस्तू निम्म्या आकारापर्यंत टिपते; वडिलांच्या सहा सेंटिमीटर चौरस निगेटिव्हला तेवढे पुष्कळ झाले. ती राहिली. मिररलेस राहिला. तीन ट्रायपॉडांपैकी, ज्याला शेठजींनी “लोखंडाच्या भावाने देतो” म्हटले होते, तो जुना जड ट्रायपॉड राहिला. कारण तोच हलत नाही. ३५ ची लेन्स रोजच्यासाठी आणि १०५ ची माणसांच्या चेहऱ्यांसाठी, या दोन राहिल्या.

बाकीच्यांची पाठवणी केली. पेंटॅक्स के-१००० पुतणीच्या मुलीला दिला; ती उपयोजित कला शिकते. झेनिटची लेन्स साध्या कडीने त्याच्यावर बसते, म्हणून झेनिटही तिकडेच गेला. डिजिटल निकॉन गडकिल्ले फिरणाऱ्या भाच्याकडे गेला, झूम त्याच्यासोबत. मामांचा डबा-कॅमेरा शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. भिंगातून चित्र उलटे कसे पडते ते पोरांना त्यात दिसते. इलेक्ट्रो आणि लुबिटेल त्या वृद्ध कारागिरांना दिले. बरे झाले तर कोणाच्या तरी हाती पडतील, नाहीतर त्यांचे भाग दुसऱ्याला जगवतील. यशिका एमएफ-२ शेजाऱ्यांच्या मुलाने मागून नेला. छोटा डिजिटल त्याच्या फुगलेल्या बॅटरीसह ई-कचऱ्याच्या केंद्रात जमा केला; अशी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. यशिका मॅट शेठजींनी घेतला.

राहिला एफएम-२. चिठ्ठीवर दोन तारखा होत्या. ठेवला असता तर सौ.ही बोलली नसती. स्टीव्ह मकरीने १९८४ साली निर्वासितांच्या छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा तो प्रसिद्ध फोटो काढला, तो याच जातीच्या कॅमेऱ्याने नि १०५ च्या लेन्सने. माझ्या लेखी त्याची थोरवी त्याहून घरगुती होती. तरी तो मी नाव नोंदवून गेलेल्या तिघांपैकी एकाला विकला. पोरगा दर आठवड्याला एक रोल काढतो. कॅमेरा घेताना त्याने शटर सगळ्या वेगांवर दाबून, कान लावून ऐकले, तेव्हा माझी खात्री पटली.

मुलीचा फोन आला. “बाबा, एफएम-२ विकलात? माझे सगळे फोटो त्याच्यातले होते!”

“तुझ्या फोटोंसाठीच विकला,” मी म्हणालो.

खरेच होते ते. त्या पैशांतून दमटपणा आवरणारी विजेवरची एक पेटी घेतली, चांगल्या कागदाची पाकिटे घेतली आणि उजेडाची पाटी घेतली. पेटीत खालच्या दोन फळ्यांवर वडिलांच्या नि माझ्या निगेटिव्ह आहेत, वेगवेगळ्या. वरच्या फळीवर एक कॅमेरा आणि तीन लेन्स. पेटी कपाटात बसते. पिशव्या मात्र दोन ठेवल्या. एकीचा पट्टा फार चांगला आहे.

आणि आग्फा? तो आहे. त्याला नियम लावला तोच, जो बाकीच्यांना लावला: राहायचे तर काम करायचे. वर्षाला एक रोल, बारा फोटो. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की घरातल्या माणसांचे. नातवंडांना बारांत भागवायचे म्हणजे काय ते कळत नाही; फोटो काढल्याबरोबर ती कॅमेऱ्याची पाठ पाहायला धावतात, आणि पाठीवर काहीच नसते.

वडिलांच्या डब्यांतल्या चारशेच्या आसपास निगेटिव्हपैकी अडीचशेंची नक्कल आजवर झाली. काही गेल्या, त्या गेल्या. आत्याची डावी कड वाचली नाही, चेहरा पूर्ण वाचला. त्याची मोठी प्रत काढून गावी चुलतभावाला पाठवली. त्याने ती नव्या छपराखाली, ओटीवर लावली आहे.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत साफसफाई करताना खणातला कॅमेरा हाती लागला, तर त्याची किंमत विचारण्याआधी एक करा. त्याने काढलेले फोटो नि निगेटिव्ह घरात कुठे आहेत ते शोधा, आणि त्या डब्याचे झाकण उघडून एकदा वास घ्या.